समाईक टिपणवही

सोलापुरी चादरीवरील मोर, फुलें किंवा वेलबुट्टी विणकराच्या हातून आयत्या वेळीं उमटत नाहींत. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या जकार्ड मागावर तीं आधींच छिद्रांच्या रूपानें लिहून ठेवलेलीं असतात. एकेक पट्टी पुढें सरकते. जेथें छिद्र असेल तेथें सुई आंत शिरते आणि तिच्याशीं जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यानें १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्ध केली, आणि पुढें संगणकाला आज्ञा देण्यासाठींही अशीं छिद्रांचीं पत्रें बराच काळ वापरांत होतीं. पट्टींतील एक छिद्र चुकलें तर ती चूक प्रत्येक चादरींत उतरते. तें एकदां दुरुस्त केलें कीं त्यानंतरची प्रत्येक चादर निर्दोष निघते. संगणकाच्या आज्ञावलीचें, म्हणजे सॉफ्टवेअरचें, असेंच आहे. मात्र ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो, तिच्यांतील छिद्र दुरुस्त करण्याचें काम कारखानदारापुरतें राहत नाहीं. तें सोलापुरांतील एखाद्या विद्यार्थ्यालाही करतां येतें.

ज्या वस्तूच्या बाबतींत हें काम आज अगत्याचें झालें आहे, ती म्हणजे घरची टिपणवही. शिकलेल्या घरांतून अशी एक वही पूर्वींपासून असते. मुलांच्या लसींच्या तारखा, शेंगाचटणीचें प्रमाण, सातबाऱ्यावरील गट क्रमांक, विम्याच्या हप्त्याचा दिवस, वाचलेल्या पुस्तकांवरील टिपणें असें सारें तींत एकत्र नांदतें. ही वही आतां बहुधा फोनमध्यें गेली आहे, आणि तिचीं पानें कोणा तरी कंपनीच्या दूरच्या संगणकावर ठेवलेलीं असतात. सोय मोठी, पण घर भाड्याचें. गूगलनें २००६ सालीं काढलेली 'गूगल नोटबुक' ही सेवा २०१२ सालीं बंद केली. एव्हरनोटनें २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणारांस ५० टिपणें आणि एक वही अशी मर्यादा घातली. मालकानें आपल्या घराचे नियम बदलले, यांत बेकायदेशीर कांहीं नव्हतें. परंतु ज्याच्या आठवणी त्या घरांत होत्या, त्याला त्या नियमांविषयीं बोलण्याचा अधिकार नव्हता.

यावर उपाय म्हणून स्वतःच्या जागेंत ठेवण्याच्या टिपणवह्या निघाल्या. जॉप्लिन, ट्रिलियम, बुकस्टॅक हीं त्यांतील परिचित नांवें. घरांतील जुना संगणक किंवा तळहाताएवढा 'रास्पबेरी पाय' चालूं ठेवून त्यावर अशा वहीचा मजकूर ठेवतां येतो आणि घरांतील मंडळींस तो आपापल्या यंत्रावरून पाहतां येतो. मात्र मालकीबरोबर जबाबदारीही घरीं येते. यंत्र केव्हां तरी बिघडेल हें धरून दुसरी प्रत वेगळ्या जागीं ठेवावी लागते, आणि वहीची नवी आवृत्ति निघाली कीं ती बसवावी लागते.

ही नवी आवृत्ति काढतो कोण? ट्रिलियमच्या हकीकतींत या प्रश्नाचें उत्तर आहे. २०१७ पासून ती वही मुख्यतः एका कर्त्याच्या श्रमांवर वाढली. २०२४ च्या आरंभीं, यापुढें केवळ देखभाल होईल, असें त्यानें जाहीर केलें. एखाद्या कंपनीची बंदिस्त वही असती तर तिची वाढ तेथेंच खुंटली असती. पण हिला ए.जी.पी.एल. नांवाचा परवाना होता, आणि त्यानें मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना दिलेली होती. वापरणाऱ्यांपैकीं कांहींनीं 'ट्रिलियम नेक्स्ट' या नांवानें काम पुढें चालविलें, आणि मूळ कर्त्यानेंही पुढें आपली जुनी जागा त्यांच्या स्वाधीन केली. परवान्यानें दार उघडें ठेवलें होतें. आंत येऊन राबणारीं माणसें नसतीं तर त्या दाराचा उपयोग झाला नसता.

या श्रमांतील एक वांटा असा आहे कीं तो मराठी माणसावांचून दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडणें कठीण. 'ॲलर्जी' हा शब्द घ्यावा. त्यांतील पहिलें अक्षर संगणकांत दोन प्रकारें लिहिलेलें आढळतें. जगांतील लिप्यांच्या अक्षरांना अंक नेमून देणाऱ्या युनिकोड या मानकांत 'ॲ' हें स्वतंत्र अक्षर २००८ सालीं आलें. त्यापूर्वीं 'अ' लिहून त्यावर चंद्राची निराळी खूण देत, आणि तसा मजकूर अजूनही जागोजागीं आहे. ही जुनी जोडणी वापरूं नये असें युनिकोडनें सुचविलें आहे; पण दोन्ही रूपें एकच मानावीं असा नियम केलेला नाहीं. डोळ्याला तीं सारखींच दिसतात; संगणकाच्या लेखीं एकांत एक अंक असतो, दुसऱ्यांत दोन. 'दऱ्या', 'वाऱ्या' या शब्दांतील अर्ध्या र ची स्थितिही तशीच. तो 'ऱ' पासून घडतो, आणि साध्या 'र' ला डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह लावूनही घडतो.

समजा, एका आईनें कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे याचें टिपण एका रूपांत लिहून ठेवलें, आणि दवाखान्यांत डॉक्टरांसमोर मुलानें तोच शब्द दुसऱ्या रूपांत शोधला. जी वही अंक जसेच्या तसे ताडून पाहते, ती अशा वेळीं कांहीं आढळलें नाहीं असें उत्तर देते. टिपण घरांत असून हातीं लागत नाहीं. कंपनीच्या तावडींतून सोडविलेली वही या घडीला निरुपयोगी ठरते.

हा दोष दूर करण्याची पहिली पायरी म्हणजे नोंद. काय लिहिलें, काय शोधलें, काय अपेक्षित होतें, प्रत्यक्षांत काय झालें, वहीची आवृत्ति कोणती आणि यंत्र कोणतें, इतकें स्पष्ट लिहिलें म्हणजे देवनागरी न वाचणाऱ्या कारागिरालाही तो दोष आपल्या टेबलावर पुन्हां घडवून पाहतां येतो. दुसरी पायरी म्हणजे उपाय. शोधाच्या सूचींत शब्द घालतांना आणि शोध घेतांना, दोन्ही वेळीं तो एकाच ठरलेल्या रूपांत आणावा; मूळ टिपणाला मात्र हात लावूं नये, कारण तो लिहिणाऱ्याचा मजकूर आहे. तिसरी पायरी म्हणजे चांचणी. एका रूपांत लिहून दुसऱ्या रूपांत शोधावें, आणि मग उलट. ही चांचणी आज्ञावलीबरोबरच ठेवली म्हणजे पुढें कोणाच्या बदलानें तोच दोष परत आला तर तो ताबडतोब उघड होतो.

अशी दुरुस्ती पाठविणारा प्रथम आज्ञावलीची आपली स्वतंत्र प्रत घेतो, तींत बदल करतो आणि तो मूळ वहीच्या सांभाळकर्त्यांपुढें मांडतो. ते शंका विचारतात, कधीं पुन्हां लिहावयास सांगतात, कधीं नाकारतात. त्यांतील बहुतेक जण हें काम पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करतात. म्हणून बदल लहान, एकाच हेतूचा आणि कारणासह मांडलेला असावा, हा येथील शिष्टाचार आहे.

सोलापुरांत वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून अभियंते घडवीत आहे, आणि २००४ पासून जिल्ह्याला स्वतःचें विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांस हें काम सहज जमण्याजोगें आहे. परंतु तें केवळ अभियंत्यांचें नव्हे. वहीच्या पडद्यावरील शब्दांचें भाषांतर बहुधा साध्या फाइलींत होतें. वर इंग्रजी ओळ आणि खालीं तिचें भाषांतर. तेथें शब्दांची पारख लागते. 'टॅग' ला 'खूण' म्हटलें आणि 'बुकमार्क' लाही 'खूण' म्हटलें तर वाचणारा गोंधळतो. 'डिलीट' ला एके ठिकाणीं 'काढा' आणि दुसरीकडे 'पुसा' म्हटलें तर टिपण परत मिळेल कीं कायमचें गेलें, हें त्याला कळत नाहीं. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा ज्या शहराच्या पेठांतून बोलल्या जातात, तेथील शिक्षकाला किंवा गृहिणीला ही पारख उपजत असते.

ज्या घरांत मराठींत टिपणें ठेवलीं जातात, तेथील एकानें तरी आपल्या वहींत 'ॲलर्जी' हा शब्द दोन्ही रूपांनीं लिहून शोधून पाहावा. दोन्ही टिपणें सांपडलीं तर कोणी तरी आधींच हें काम करून ठेवलें आहे असें समजावें. एकच सांपडलें तर दोषाची नोंद त्याच संध्याकाळीं लिहून पाठवावी. तिच्यानें होणारी दुरुस्ती मराठी लिहिणाऱ्या प्रत्येक घरीं पोंचेल.