पीएच.डी. नंतरची दोन वर्षे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती पदवीपाशी थांबते आणि आपल्या घरांतील कौतुक पीएच.डी.पाशी. माझ्या पुतणीस पदार्थविज्ञानात पीएच.डी. मिळाली तेव्हा घरी पेढे वाटले, परंतु पुढील दोन वर्षे दूरच्या विद्यापीठात रोगप्रसाराच्या गणितावर संशोधन करण्याचा मनोदय तिने सांगताच, "अजून शिक्षण संपले नाही काय?" हा प्रश्न प्रथम मीच विचारला. त्या प्रश्नामागील अज्ञानाचे परिमार्जन करावे म्हणून आज मी उभा आहे.

तिचा विषय गणिती प्रतिमानांचा, ज्यांस मॉडेल म्हणतात त्यांचा. एखाद्या घडामोडीतील मुख्य घटक तेवढे निवडावयाचे, त्यांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडावयाचे आणि येणारे उत्तर प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावयाचे, अशी ही पद्धती. १९२७ साली केरमॅक व मॅकेंड्रिक या दोघांनी साथीच्या रोगाची समीकरणे प्रसिद्ध केली. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर. रेणूंच्या भेटींतून रासायनिक क्रिया घडते, तसा निरोगी व रोगी यांच्या भेटींतून रोग पसरतो, अशी त्यांची मांडणी होती. आणि ती पडताळण्यासाठी त्यांनी घेतले ते आपल्या मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगमधील मृत्यूंचे आकडे! २०२० च्या कोविडच्या साथीत याच समीकरणांच्या विस्तारित रूपांचा जगभर आधार घेतला गेला.

असे कार्य एकाच विषयाच्या अभ्यासावर होत नाही. दुसऱ्या शास्त्राची भाषा शिकण्यास अवधी लागतो, आणि पीएच.डी.नंतरची वर्षे त्याचसाठी असतात. पुणे विद्यापीठात याच विषयाचे स्वतंत्र केंद्र २००३ साली निघाले. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते. तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षे असून स्त्रियांस पाच वर्षांची सवलत आहे. मार्गदर्शक मात्र उमेदवाराने स्वतः शोधावयाचा. युरोपातील मारी क्युरी शिष्यवृत्तीसाठी कोणत्याही देशाच्या नागरिकास अर्ज करता येतो.

ही नोकरी कायमची नव्हे. मुदत संपताच पुन्हा अर्ज करावे लागतात, हे मी लपवीत नाही. म्हणूनच घरचा आधार अधिक हवा. माझी मंडळास विनंती आहे की, शिष्यवृत्ती निधीतून अशा संशोधकांस प्रवासखर्चापुरते बिनव्याजी कर्ज द्यावे. आणि पालकांस विनंती ही की, मुलीचे लग्न व मुलाची नोकरी यांची घाई या दोन वर्षांवर लादू नये.

माझी पुतणी गेली. तिला निरोप देताना मी माझा प्रश्न मागे घेतला. आपणांपैकी कोणावर तो मागे घेण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.