शब्द एक, अर्थ दोन

परभाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह पुस्तकाच्या आधारे हस्तगत करता येतात. परंतु त्या शब्दांच्या मुळाशी असलेले समाजमन विद्यार्थ्यास कसे उलगडून दाखवावे, हा भाषाशिक्षकापुढील खरा प्रश्न होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फ्रेंच शिकविणाऱ्या जिल्बेर्त फर्स्टनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली ‘कल्चुरा’ नावाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात या प्रश्नाचे मार्मिक उत्तर सापडते.

तेथील विद्यार्थी आणि फ्रान्समधील त्यांचे समवयस्क एकाच नमुन्याची प्रश्नावली आपापल्या भाषेत भरतात. अमुक शब्द वाचताच मनात जे उमटेल, ते लिहितात. आणि मग ती सारी उत्तरे संगणकाच्या पडद्यावर दोन रकान्यांत शेजारी-शेजारी मांडली जातात. ‘व्यक्तिवाद’ हाच शब्द घ्या. अमेरिकन रकान्यात स्वातंत्र्य, स्वावलंबन असे गौरवाचे शब्द दिसतात, तर फ्रेंच रकान्यात स्वार्थ, अहंता असे दोषदर्शक. कोशाच्या दप्तरी समानार्थी म्हणून दाखल झालेले शब्द लोकमानसात इतके दूर असतात!

मग विद्यार्थी परस्परांस लेखी पृच्छा करतात, आणि तीही स्वभाषेतच, जेणेकरून विचार शब्दांवाचून अडत नाही व वाचणाऱ्यास अस्सल भाषेचा नमुना लाभतो. यंत्र दोन मने समोरासमोर आणते. त्यांच्यातील अंतराचा अर्थ शोधण्याची जिज्ञासा मात्र वर्गातील शिक्षकच जागवितो.