मक्षिकास्थाने मक्षिका

मूळ पोथीत माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेतही माशी चिकटविणाऱ्या लेखनिकाला आपण हसतो. परंतु एक क्षेत्र असे आहे की, जेथे हाच लेखनिक आदर्श ठरावा. जुन्या प्रोसेसरचे नव्या संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने अनुकरण करणे, हे ते क्षेत्र होय.

१९७५ साली एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरना विक्रीस काढला. ॲपल-२ सारखे संगणक त्यावर चालले. एका बाइटात २५६ आज्ञासंकेत मावतात. पुस्तिकेत त्यांपैकी १५१ च दिलेले होते. उरलेल्यांपैकी पुष्कळ संकेतही काही ना काही काम करीत, आणि चतुर आज्ञावलीकार त्यांचा उपयोग करून घेत.

शिवाय त्यात एक दोष होता. उडी घेण्याच्या एका आज्ञेत पुढचा पत्ता स्मृतीतील लगतच्या दोन घरांतून वाचावा लागे. पहिले घर २५६ घरांच्या पानातील अखेरचे असेल, तर दुसरे पुढील पानावरचे पहिले असावयास हवे. ६५०२ मात्र त्याच पानाच्या पहिल्या घराकडे परते. पुढे ६५सी०२ या सुधारित आवृत्तीत हा दोष दूर झाला आणि पुस्तिकेबाहेरचे बरेच संकेत निष्क्रिय केले गेले. परिणाम असा की, त्या संकेतांवर विसंबलेल्या आज्ञावल्या तिच्यावर चालेनाशा झाल्या.

कालमानाचेही तसेच. १९७७ च्या अटारी २६०० या खेळयंत्रात याच प्रोसेसरचे लहान रूप होते. संपूर्ण चित्र साठविण्याइतकी स्मृती त्यात नव्हती. पडद्यावरील प्रत्येक रेषेला घड्याळाचे ७६ ठोके मिळत. उत्तर बरोबर आले, पण एक ठोका उशिरा आले, तरी चित्र बिघडू शके.

मग प्रमाण कोणते मानावे? पुस्तिका नव्हे, प्रत्यक्ष वस्तू. ग्रेग जेम्स, बॅरी सिल्व्हरमन आणि ब्रायन सिल्व्हरमन यांनी ६५०२ चे आवरण काढून सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली, त्यांवरून सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांची जोडणी उतरविली आणि २०१० साली ती संगणकावर चालवून दाखविली. दोष कोणी वेगळे लिहिले नाहीत. ते जोडणीबरोबरच उतरले.

हा खटाटोप कशासाठी? मूळ यंत्रे एकेक करून बंद पडत आहेत. ती संपल्यावर त्या काळच्या आज्ञावल्यांना अनुकरणाचाच आधार उरेल. त्यात कोणी सद्हेतूने केलेली दुरुस्तीही तेव्हा ओळखू येणार नाही, कारण ताडून पाहण्यास मूळच नसेल. म्हणून दुरुस्तीचा मोह आवरणे, हेच येथे अचूकतेचे पहिले लक्षण होय.