चुकलेलं चित्र
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



३० सप्टेंबर १९९३ ला आपण सहावीत होतो. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. माझ्या मावशीची धाकटी लेक त्यात गेली. मावशी त्यावर कधी बोलली नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, तर उठूनच गेली.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही आधी कच्चा आराखडा दाखवतो, मग लोक चुका सांगतात. तसंच मी तिच्या पडलेल्या घराचं चित्र काढून दाखवलं. लगेच म्हणाली, "अगं, माळवदावर एवढीच माती? गळू नये म्हणून दरवर्षी नवा थर टाकत होतो आम्ही." दगड-मातीच्या भिंती हलल्या आणि तेच ओझं झोपलेल्यांवर आलं.

चित्र सुधारता सुधारता ती लेकीच्या अंथरुणापाशी थांबली. "दाराजवळ झोपते म्हणत होती. मीच आत घेतलं."

"हे चित्रकथेत घालू?" मी विचारलं.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "घाल. पण तिचा चेहरा काढू नको."

बारा पानांची ती चित्रकथा आता नव्या गावात जन्मलेला तिचा नातू वाचतो आणि आजीला प्रश्न विचारतो. आजी उत्तरं देते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी न बोललेली पहाट आहे. ती मला सांगा. माझी चित्रकला बेताची आहे, हे सरांना ठाऊक आहेच. चुकेल तिथं तुम्ही सुधारा.