डोंगर खुणा देतो, पण उठून जायचं कुठं?

(वाडी-बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



भूकंप येणार हे आधी कळतं का, असं बरेच जण विचारतात. कुणी म्हणतं, कुत्री रडतात. कुणी म्हणतं, मोबाईलवर तारीख आली आहे. आज त्यावर बोलू. आणि त्याला लागूनच दरडीवर बोलू, कारण महाड-पोलादपुरात माणसं दरडीनं मेली आहेत.

आपली सावित्री महाबळेश्वरात उगवते. कोयनाही तिथंच उगवते, फक्त ती घाटाच्या पलीकडं उतरते. तिच्यावर धरण झालं. पाणी साठायला लागलं तसे त्या भागात लहान धक्के सुरू झाले. 1967 च्या सप्टेंबरात त्यातला एक बराच मोठा होता. मग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर पडलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. किल्लारीलाही तसंच. 1992 मध्ये तिथं धक्के बसत होते, लोक घाबरले होते. पुढच्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला गावंच्या गावं पडली.

मग तुम्ही म्हणाल, लहान धक्के हीच खूण. पण डहाणू-तलासरीच्या आपल्या आदिवासी भावांना विचारा. तिकडं नोव्हेंबर 2018 पासून कित्येक महिने धक्के बसत राहिले. लेकरंबाळं घेऊन लोक थंडीत घराबाहेर झोपले. घरांना तडे गेले, पण किल्लारीसारखा मोठा भूकंप काही आला नाही. म्हणजे धक्के सगळीकडं सारखेच. कुठले मोठ्याच्या आधीचे, हे तो येऊन गेल्यावरच कळतं.

चीनमध्ये 1975 साली हायचंग शहरात लहान धक्के वाढले म्हणून लोकांना घराबाहेर काढलं, आणि खरोखर भूकंप आला. हजारो जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला काही सूचना न देता भूकंप आला आणि दोन लाखांवर माणसं मेली. आज कराडला सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चाललंय त्याचा अभ्यास चालू आहे. तरी दिवस आणि वेळ सांगणं अजून कुणाला जमलेलं नाही. म्हणून तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

भूकंपात माणूस मारतं ते घर. किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं होतं, तेच अंगावर आलं. आपलं कारवीच्या कुडाचं घर हलकं. पण आता घरकुलं विटांची होतात. तिथं ठेकेदाराला विचारा, दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सळईचा सलग पट्टा टाकला का? नसेल तर काम थांबवा.

आता दरड. भूकंपासारखी ती मुकी नाही. बऱ्याचदा ती आधी खुणा देते:

डोंगराच्या माथ्याला किंवा घरामागं जमिनीला भेग पडते, आणि ती रुंदावते.
सरळ उभी झाडं, विजेचे खांब, कुंपण एका बाजूला कलतं.
कधी नव्हता तिथं झरा फुटतो, किंवा रोजचा झरा गढूळ होतो.
दार-खिडकी अचानक अडकायला लागते, जोत्याला तडा जातो.
भर पावसात ओढ्याचं पाणी एकदम कमी होतं. म्हणजे वर कुठं तरी ते अडलंय. लगेच ओढ्यापासून लांब व्हा.
डोंगरातून घरघर ऐकू येते. तेव्हा सामान घ्यायला थांबायचं नाही.

2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं जवळपास दोनशे माणसं गाडली गेली. 22 जुलै 2021 ला तळियेत ऐंशीच्या वर गेली. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. त्या वेळी महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट पाऊस पडला होता. वर असा पाऊस पडतो तेव्हा खाली आपण सावध पाहिजे. आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी, आपल्या ठाकर भावांची. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. ही वाडी सरकारच्या धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही, असा धरू नका.

आता खरा प्रश्न. खूण दिसली, तर जायचं कुठं? वाडीखालची जमीन कुणा खाजगी मालकाच्या सातबाऱ्यावर नाहीतर वनखात्याची. सपाट जागा दुसऱ्यांकडं, उतार आपल्याकडं. आणि वाडी सोडली तर दळीची जमीन, नाचणी-वरीचा माळ हातचा जाईल, ही भीती. म्हणून माणूस भेग बघतो आणि तिथंच झोपतो. त्याला अडाणी म्हणू नका. जागा दिली नाही त्यांना जाब विचारा.

वनहक्क कायद्यात राहण्याचा हक्क आहे आणि कसण्याचाही आहे. घर सुरक्षित जागी हललं म्हणून कसण्याचा हक्क बुडत नाही. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम 4(5) सांगतं.

तर पावसाआधी प्रत्येक वाडीनं चार कामं करायची. एक, बायामाणसांनी आणि पोरांनी मिळून डोंगर फिरायचा आणि भेगा, झरे, कललेली झाडं वहीत तारखेसह लिहायची. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या मारून अंतर मोजत राहायचं. दोन, रात्री पाऊस जोराचा असेल तर पाळीनं जागायचं आणि कुठल्या जागी जमायचं ते आजच ठरवायचं. तीन, ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांकडं भूगर्भतज्ज्ञांकडून पाहणी मागायची आणि पोच घ्यायची. चार, त्याच ठरावात लिहायचं: जवळची सुरक्षित जागा वाडीच्या नावावर द्या, आणि आमचे वनहक्क दावे जसेच्या तसे राहतील असं लेखी द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं आपली वही आणि अर्जाची पोच घेऊन यायचं.

जिंदाबाद.