रायरेश्वराच्या माळावरचे पाणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. भाषणाची सवय नाही. परंतु गेल्या वैशाखात आपल्या मंडळाची सहल रायरेश्वरी गेली होती, तिची हकीकत मी सांगावी असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह पडला.

रायरेश्वर आपल्या भोर तालुक्यातच. शिवरायांनी 1645 साली तिथे स्वराज्याची शपथ घेतली असे परंपरा सांगते. चार हजार फुटांहून उंच असे हे पठार पावसाळ्यात हिरवेगार. वैशाखात मात्र नुसते भाजलेले माळरान. देवदर्शन आटोपून आम्ही सातजणी माळ पाहत बऱ्याच लांब गेलो. सावली नाही, बरोबरचे पाणी संपलेले, आणि एकीची सात वर्षांची नात मटकन खाली बसली. तोंड लालबुंद, घाम येईनासा झालेला. खाली दूर धोम धरणाचे पाणी चमकत होते. डोळ्यांनी का तहान भागते?

तेवढ्यात मला दिसले, की गुरांच्या वाटा एका घळीकडे वळल्या आहेत आणि तिथे मधमाश्या घोंघावताहेत. जाऊन पाहते तो कपारीच्या तोंडावर एक फरशी ठेवलेली, कडेने ओल, आणि आत हातभर खोल गार पाणी!

मी तांब्या बुडवणार एवढ्यात मागून हाक आली. हंडा घेऊन एक म्हातारी येत होती.

“दमानं घ्या, बाय. गढुळला तर पोरीला काय पाजाल?”

तिने करवंटीने वरचेवर नितळ पाणी काढले. पोरीच्या डोक्यावर ओला पदर ठेवला, मग घोट घोट पाजले. पोरीने डोळे उघडले तेव्हा कुठे तिच्या आजीला रडू फुटले. नंतर आम्ही सातजणी प्यालो. तोवर खळगा रिकामा आणि म्हातारीचा हंडा कोरडाच! पुन्हा पाणी साठेपर्यंत ती माउली तिथेच बसून राहिली. दर साल शिमगा झाला की ती व तिची सून आतला गाळ काढतात, असे बोलण्यात निघाले.

घरी आल्यावर चिरंजीवांनी मला यातले गणित समजावले. आपला सह्याद्री म्हणजे काळ्या पाषाणाचे थरावर थर. पावसाचे पाणी भेगांतून मुरते, खाली घट्ट थर लागला की आडवे सरकते व उतारावर कुठेतरी पाझरते. पण अशा झऱ्याचा भरवसा किती धरावा? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात म्हटले आहे, की गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, तोफांच्या दणक्याने झरे आटतात. टाकी, तळी बांधून पाणी साठवावे. वेल्ह्याकडे राजगडावर खडकात खोदलेली टाकी आपण पाहिलीच आहेत. म्हातारीकडे टाके कुठले? तिच्याकडे एक फरशी आणि सून.

येत्या शिमग्यानंतर आम्ही चौघी गाळ काढायला जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी सेक्रेटरीबाईंकडे नावे द्यावीत. घमेली आहेत, खोरे एक कमी पडते. कुदळ मात्र कोणी आणू नये. फट मोठी झाली तर पाणी दुसरीकडे पळेल, असे म्हातारीने बजावले आहे.