पाळण्याआधीचा जमाखर्च

संसारातले पुष्कळसे मोठे खर्च न सांगता दाराशी येतात. बाळंतपणाचा खर्च मात्र सात-आठ महिने आधी वर्दी देतो. आणि नवल असे, की नेमका याच खर्चापुढे मध्यमवर्गीय गृहस्थ अधिक गांगरतो. डोहाळजेवणाचे आणि बारशाचे टिपण घरोघर निघते, प्रसूतिगृहाचे निघत नाही. आधीपासून त्याचे आकडे मांडणे काहींना अशुभही वाटते.

या मौनाला एका रूढीचा आधार आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही ती रूढी. सुईण घरी येई तेव्हा लुगडे-चोळी, धान्य आणि थोडे रुपये एवढ्यावर भागत असे. (जिवाची जोखीम मात्र फार मोठी होती, ते दिवस पुन्हा यावेत असे कोणी म्हणणार नाही.) पुढे बाळंतपण रुग्णालयात गेले, खर्च कितीतरी पटींनी वाढला, रूढी जागची हलली नाही. मग सेवानिवृत्त पिता आपली ठेव मोडतो, जावई मिळवता असूनही विचारायचे कोणी या संकोचात दोन्ही घरे गप्प राहतात आणि नववा महिना उजाडतो. हा संकोच सातव्या महिन्याआधीच मोडला पाहिजे, आणि तो जावयाने मोडावा हे अधिक शोभेल.

खासगी प्रसूतिगृहात सहसा सांगितला जातो तो साध्या बाळंतपणाचा आकडा. शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूलतज्ज्ञाचे मानधन, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, औषधे आणि वाढलेला मुक्काम यांची त्यात भर पडते. पुष्कळ ठिकाणी खोलीचा वर्ग बदलला की डॉक्टरांचे मानधनही बदलते. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले, तर त्याच्या अतिदक्षतेची आकारणी दिवसागणिक आणि बहुधा वेगळीच होते. घरे खरी बसतात ती इथे. म्हणून नाव घालतानाच तिन्ही आकडे लेखी मागावेत, आणि शिल्लक दुसऱ्या आकड्याच्या बेताने ठेवावी. तीही मध्यरात्री हाती येईल अशी. मुदतीच्या ठेवीची पावती प्रवेशाच्या खिडकीवर चालत नाही.

विम्याचा भरवसा बेताचाच. वैयक्तिक विम्यात बाळंतपणासाठी नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत थांबावे लागते. दिवस राहिल्यावर काढलेला विमा त्या खेपेस उपयोगी पडत नाही. कचेरीच्या सामूहिक विम्यात ही अट पुष्कळदा नसते, रकमेला मर्यादा मात्र असते. इंदूर किंवा हैदराबादहून लेक माहेरी पुण्याला येणार असेल, तर रोख न भरता उपचार देणारे पुण्यातले रुग्णालय त्या यादीत आहे काय, हे आधीच पाहावे. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा ठरली. नोकरी करणाऱ्या सुनेचा तो पगारही जमेच्या बाजूस धरावा.

राहिले सरकारी रुग्णालय. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तेथे बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि आहार विनामूल्य आहेत. घरून नेण्या-आणण्याचीही तरतूद आहे. ही सोय गरिबांसाठी म्हणून मध्यमवर्ग तिकडे फिरकत नाही. तथापि प्रसूती बिकट झाली, की लहान प्रसूतिगृहे रात्री-अपरात्री रुग्ण तिथेच धाडतात, आणि अनोळखी दारात पहिल्या तपासणीपासून सारे नव्याने सुरू होते. खासगीत नाव घातले असले, तरी जवळच्या सरकारी रुग्णालयातही ते घालून ठेवावे. त्याला एक सकाळ रांगेत उभे राहावे लागते.